होमगार्ड श्वान हस्तक : नाशकात पथक उभं करायचं तर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस श्वान पथकात हस्तक म्हणून, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस म्हणून, माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्त होऊन नाशकातच राहतो. सिंहस्थाच्या तयारीची बोलणी सुरू झाली तसे होमगार्डमधली मुलं-मुली, त्यांचे समादेशक, दोन-तीन पोलीस अधिकारीसुद्धा मला एकच गोष्ट विचारू लागले : पथकातली माणसं कमी पडतात, मग होमगार्डना श्वान हस्तक केलं तर? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. ही भरतीची जाहिरात नाही आणि कुठल्या कार्यालयाचं पत्रकही नाही.

होमगार्डच्या हातात पोलिसांचा कुत्रा देता येतो का? कायदा आडवा येतो का?

मुळावरच घाव घालणारी अडचण नाही. होमगार्ड संघटना मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाली आणि तिचा कायदा १९४७ चा आहे. त्या कायद्यानुसार रीतसर कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचे अधिकार आणि पोलिसाचंच संरक्षण मिळतं. ‘कर्तव्यावर बोलावलेल्या’ हे शब्द मात्र नीट वाचा. आदेश निघालेला नसेल त्या दिवशी तो गणवेशातला साधा नागरिक असतो. त्या दिवशी त्याच्या हातातला पट्टा सुटून कुत्रा कुणाला चावला, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार याचं उत्तर आधी कागदावर हवं.

मग खरी अडचण कुठे आहे?

रजेत. होमगार्डला बंदोबस्तापुरतं बोलावतात. गणपती, नवरात्र, निवडणूक, एखादी यात्रा आटोपली की तो आपल्या कामावर परत जातो. कुत्र्याला असा परतीचा रस्ता नाही. त्याला पहाटे फिरवावं लागतं, खरारा करावा लागतो, कानात-बोटांत गोचीड बघावी लागते, सराव घ्यावा लागतो, आणि दिवाळीच्या पाडव्यालाही हे सगळं तसंच असतं.

होमगार्डचा कर्तव्य भत्ता ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला १,०८३ रुपये झाला. पूर्वीच्या मानाने ही मोठी वाढ आहे. पण भत्ता मिळतो तो बोलावलेल्या दिवसाचा. बंदोबस्त नसलेल्या दिवशी जो पोरगा सकाळी दोन तास श्वानगृहात येऊन काम करेल, त्याचं काय? पहिले दोन महिने तो हौसेनं येईल. तिसऱ्या महिन्यात पेट्रोलचा हिशोब करेल. चौथ्या महिन्यात दिवसाआड येईल, आणि हे सगळ्यात आधी कुत्र्याच्या लक्षात येईल. मी या पोराला दोष देत नाही. त्याच्याही घरी चूल आहे.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. कुत्र्याच्या रोजच्या देखभालीचे तास आणि सरावाचे दिवस हे कर्तव्य धरून त्याचा भत्ता द्यायची तरतूद आधी मंजूर करून घ्या, पिल्लू नंतर आणा. हे होणार नसेल तर पथक सुरूच करू नका.

अमेरिकेत रिझर्व्ह ऑफिसर कुत्रा सांभाळतात म्हणे. तिथे जमतं तर इथे का नाही?

अमेरिकेत काही छोट्या गावांच्या पोलीस खात्यांत अर्धवेळ किंवा स्वयंसेवी रिझर्व्ह अधिकारी असतात आणि त्यांच्यातले काही हस्तक होतात. तिथे कुत्रा बहुधा हस्तकाच्या घरी राहतो. घरी कुत्र्याला खाऊ घालणं, आंघोळ घालणं, फिरवणं हेही कामाचेच तास आहेत आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, असं तिथल्या न्यायालयांनी पगारी हस्तकांच्या खटल्यांत मान्य केलं आहे. म्हणजे मी वर जे म्हटलं तोच प्रश्न त्यांनाही पडला, आणि तो कोर्टात जाऊन सुटला. आपण तो आदेश काढतानाच सोडवू शकतो.

हस्तक म्हणून कुणाला निवडावं?

होमगार्डसाठीची अट २० ते ५० वयाची आहे. हस्तकासाठी मी पस्तिशीच्या आतला उमेदवार बघेन. कुत्र्याची कामाची वर्षं साधारण आठ, आणि ती संपेपर्यंत हस्तकाचे गुडघे शाबूत हवेत. होमगार्डची नेमणूक तीन वर्षांची असते. त्यामुळे पुढची दोन नूतनीकरणं करीन, अशी तयारी असलेलाच माणूस घ्या.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते : माणसाचा पोटापाण्याचा धंदा. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षवाला असेल तर ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत त्याला श्वास घ्यायला सवड नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला असेल तर त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. यातला कुणीच अपात्र नाही. पण एका कुत्र्याला दोन द्राक्षवाले देऊ नका. एक शेतकरी आणि एक पाळीवाला, किंवा एक दुकानदार आणि एक पाळीवाली, अशी जोडी लावा. दोघं श्वानगृहापासून अर्ध्या तासाच्या आत राहणारे असावेत.

जोडी म्हणतोय, कारण प्रत्येक कुत्र्याला दोन हस्तक हवेतच. पोलिसांतही पहिला आणि दुसरा हस्तक असतो. दोघांनी आज्ञा त्याच शब्दांत आणि त्याच सुरात द्यायच्या. एकाने ‘सीट’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘बस रे राजा’, असं झालं की कुत्रा गोंधळतो आणि मग माणसं म्हणतात की कुत्रा मठ्ठ आहे.

होमगार्डच्या बाजूने एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्यासाठीच या कल्पनेला माझा पाठिंबा आहे. पोलीस हस्तकाची बदली होते, बढती होते, तो दुसऱ्या शाखेत जातो. मागे राहिलेला कुत्रा नव्या माणसाकडे बघत बसतो, कित्येक दिवस नीट जेवत नाही. होमगार्ड गावचाच असतो, तो कुठे जाणार? हस्तक आणि कुत्रा ही जोडी शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता त्याच्याकडे जास्त आहे.

मुलींनी अर्ज करावा का, असं एका ताईंनी विचारलं होतं. जरूर करावा. तीस-पस्तीस किलोचा लॅब्राडोर ताकदीने ओढून आवरता येत नाही, तो शिकवणीने आवरतो.

कुठल्या कामासाठी कुत्रा घ्यावा? बॉम्बसाठी, चोरीच्या मागासाठी, गांजासाठी, की अंगावर सोडण्यासाठी?

अंगावर सोडायचा कुत्रा होमगार्डकडे देऊ नये. तो बळाचा वापर आहे. त्याची जबाबदारी पूर्णवेळ पोलिसाची असली पाहिजे.

स्फोटकांचं काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचंच राहील. होमगार्ड हस्तक तिथे दुसरा हस्तक म्हणून मदतीला चालेल, पण कुत्र्याने खाली बसून इशारा दिल्यावर पुढचं पाऊल कुणी टाकायचं हे त्या पथकानेच ठरवायचं. मुंबईच्या झंजीरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या स्फोटांनंतर त्या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं आणि २००० साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला. झंजीरची गोष्ट ऐकून पोरं या कामाकडे ओढली जातात. मीही तसाच ओढलो गेलो. पण त्याच्यामागे पूर्णवेळ हस्तक, रोजचा सराव आणि अख्खं पथक उभं होतं हे विसरून चालणार नाही.

सुरुवात मागावरच्या कुत्र्यापासून करावी असं माझं म्हणणं आहे, म्हणजे वासावरून माणसाचा माग काढणारा. आपल्याकडे त्याला खरंच काम आहे. पावसाळ्यात दुगारवाडी, हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी या बाजूला चुकलेली माणसं शोधावी लागतात. विसरभोळे झालेले म्हातारे आजोबा संध्याकाळी घरातून निघून जातात. अशा कामात चूक झाली तर वेळ वाया जातो, पण निरपराध माणूस आत जात नाही, आणि नवख्या जोडीला शिकायला जागा मिळते.

यातला एक धडा घरच्यांसाठीही आहे. माणूस हरवला की त्याची उशी, अंगातला सदरा, चपला यांना कुणी हात लावू नका. आम्ही पोचेपर्यंत अख्ख्या गल्लीने त्या वस्तू हाताळलेल्या असतात आणि मग कुत्र्याला द्यायला एकट्या त्या माणसाचा वास उरत नाही.

सिंहस्थाला हे पथक उपयोगी पडेल का?

मनापासून वाटतं की पडावं. पण पहिल्याच वर्षाची जोडी अमृतस्नानाच्या दिवशी रामकुंडावर उतरवू नका.

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे भर पावसाळा. घाट ओले, फुलं कुजलेली, धूप-कापूर-तुपाचा घमघमाट, ढोल-ताशे, आणि त्यात लाखो पाय. गर्दीत हरवलेल्या माणसाचा माग कुत्रा काढेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्या ठिकाणी हरवलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक आणि मदत केंद्र हेच खरं.

कुत्र्याचं काम गर्दीच्या आधीचं. घाट, मंडप, वाहनतळ, व्यासपीठ रिकामं असताना घातपातविरोधी तपासणी करायची, ती संपली की जागा सील करायची, मग लोक सोडायचे. होमगार्डना यात दोन कामं देता येतील : सराईत कुत्र्याचा दुसरा हस्तक, आणि तपासलेली जागा राखणारा माणूस. दुसरं काम कमी दर्जाचं समजू नका. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. आदल्या तासात मोकळी ठेवलेली वाट काय असते हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

प्रशिक्षण कुठे आणि किती दिवसांचं?

राज्यात पुण्याला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. देशपातळीवर सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे, आणि लष्कराचं मेरठला. कामाच्या प्रकारानुसार सहा ते नऊ महिने लागतात, आणि हस्तक कुत्र्याबरोबरच शिकतो. कुत्रा शिकवून आणायचा आणि नंतर माणूस जोडायचा, हा उलटा कारभार.

होमगार्डसाठी सगळ्यात मोठा उंबरठा हाच आहे. सहा महिने कारखाना सोडून कोण जाईल? हिशोब मांडून बघा. १८० दिवस गुणिले १,०८३ म्हणजे एका माणसामागे १,९४,९४० रुपये, फक्त भत्त्याचे. दोन हस्तक म्हणजे दुप्पट. त्यात राहणं-जेवण आलं. प्रस्तावात हा आकडा स्पष्ट लिहा. प्रशिक्षणाला गेल्यावरही नोकरी टिकेल असं मालकाकडून लेखी घ्या.

एक हस्तक केंद्रात पाठवणं आणि दुसऱ्याला परत आल्यावर पहिल्याने पथकाच्या देखरेखीखाली तयार करणं, ही तडजोड चालण्यासारखी आहे. दोघांनाही इथेच, हौशी प्रशिक्षकाकडे शिकवणं ही तडजोड मला मान्य नाही.

परत आल्यावर सराव कसा ठेवायचा?

आठवड्यातून किमान चार दिवस. थोडा थोडा, पण नियमित. पंधरा-वीस मिनिटं शोध, मग विश्रांती, मग पुन्हा. कुत्र्याला चेंडू मिळाला की काम संपलं असं त्याला वाटतं, म्हणून चेंडू नेमक्या क्षणी द्यायचा. हे सगळं हस्तकाच्या बोटांत असतं.

याहून महत्त्वाचं एक सांगतो आणि त्यासाठी जरा थांबतो. नमुना, म्हणजे कुत्र्याने शोधायचा पदार्थ, कुठे लपवला आहे हे हस्तकाला माहीत नसावं. आठवड्यातून एकदा तरी अशी चाचणी घ्या, आणि कधीकधी नमुना लपवूच नका. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हस्तक आणि कुत्रा अशा १८ जोड्यांची एक चाचणी प्रसिद्ध केली. जागेत एकही नमुना नव्हता, पण हस्तकांना सांगितलं होतं की काही ठिकाणी आहे आणि लाल कागद त्याची खूण आहे. तरीही जोड्यांनी भरपूर इशारे नोंदवले, आणि लाल कागदापाशी जास्त. माणूस चालताना किंचित रेंगाळतो, पट्टा जरासा ताणतो, आणि त्याला खूश करायला आतुर असलेला कुत्रा बसतो. कुत्र्याने खोटं सांगितलेलं नसतं. आपणच त्याच्या तोंडी उत्तर घातलेलं असतं.

बंदोबस्तावर कधीतरी येणाऱ्या होमगार्डच्या बाबतीत हा धोका जास्त. साहेब समोर उभे आहेत, आज काहीतरी सापडलंच पाहिजे, असं त्याला वाटतं. ‘काही नाही साहेब, जागा स्वच्छ आहे’ हे न घाबरता म्हणता यायला हवं, आणि साहेबांनीही ते ऐकून घ्यायला हवं. प्रत्येक सराव डायरीत लिहा : तारीख, वेळ, जागा, हवा, काय सापडलं, काय सुटलं, खोटा इशारा किती. सुटलेलं लिहायला लाजू नका. पुढे कोर्टात त्या डायरीचीच किंमत असते.

स्फोटकांचे आणि अमली पदार्थांचे नमुने पथकाच्या ताब्यात, कुलपात, नोंदवहीत राहतील. होमगार्डने सरावासाठी घरी नेणं हा गुन्हा ठरेल, हे पहिल्याच दिवशी सांगा.

कुत्रा हस्तकाच्या घरी ठेवला तर?

सिडकोतल्या दोन खोल्यांत, वर-खाली शेजारी असताना? नको. आपल्याकडची पद्धत मुख्यालयातल्या श्वानगृहाची आहे, तीच ठेवा. तिथे रात्री एक माणूस कायम हवा.

श्वानगृह बांधताना शहरातला ठेकेदार एक गोष्ट विसरतो : बिबट्या. देवळाली, सिन्नर, निफाडचा उसाचा पट्टा, अगदी गंगापूर रोडच्या बाजूलाही तो फिरतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य. चार भिंती उंच केल्या आणि वर मोकळं ठेवलं तर काही उपयोग नाही. वरूनही लोखंडी जाळी हवी, आणि रात्री दिवा. फरशी उताराची, गुळगुळीत नसलेली, धुता येणारी. तोंड पश्चिमेला नको.

उन्हाचं काय? नाशिक तर थंड म्हणतात.

होतं. आता एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. धापा टाकताना त्याचं हुंगणंही मंदावतं, म्हणजे उन्हात कामही होत नाही आणि जीवही धोक्यात.

माझ्याकडे राणी नावाची लॅब्राडोर होती. एका मे महिन्यात दुपारच्या बंदोबस्तात मी तिला जीपमध्ये सावलीत बसवून पाच मिनिटांसाठी म्हणून गेलो. साहेबांनी काहीतरी विचारलं, मग आणखी कुणीतरी, आणि मी परत आलो तेव्हा सावली सरकली होती. जीभ जांभळी, हिरड्या विटेसारख्या लाल, पाय लटपटत होते. जवळच्या टपरीवरचं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओतत तिला पशुवैद्यकांकडे नेली. ती वाचली, पण पुन्हा कधी उन्हात पूर्वीसारखं काम करू शकली नाही. चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या हस्तकाला पट्टा देण्याआधी हे सांगतो.

डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. मोजून सात सेकंद ठेवता आली नाही तर त्यावर कुत्रा चालवू नका. बंदोबस्ताच्या आदेशात कुत्र्याची वेळ सकाळची आणि संध्याकाळची लिहून घ्या, म्हणजे जागेवर वाद होत नाही.

पावसाळ्यात गोचीड ताप आणि लेप्टोचा धोका. गोदेच्या पुराच्या गाळात काम केलं की पंजे आणि पोट लगेच धुवा, आणि लेप्टोची लस चुकवू नका.

कुत्र्याने इशारा दिला. आता होमगार्डने झडती घ्यायची का?

नाही. त्याने हात वर करून अधिकाऱ्याला सांगायचं आणि कुत्रा बाजूला घ्यायचा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात झडती-जप्तीचा अधिकार शिपाई दर्जाच्या वरच्या अधिकाऱ्यालाच आहे. होमगार्डने पिशवी उघडली तर माल खरा असूनही खटला पडू शकतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कुत्रा बसला तो क्षणही चित्रीकरणात आला तर उत्तम.

हस्तकाला साक्षीला जावं लागतं का?

लागतं, आणि कधीकधी घटनेला पाच-सहा वर्षं उलटल्यावर. १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागावर फार भिस्त ठेवू नये असं म्हटलं होतं. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, आणि माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या अंदाजावर टांगता येत नाही. मला हा निकाल आमच्या कामाचा अपमान वाटत नाही. कुत्रा दिशा दाखवतो, पुरावा माणसांनी गोळा करायचा असतो.

साक्षीत फक्त पाहिलेलं सांगा. ‘कुत्रा विहिरीपर्यंत गेला, दोन वेळा वळला आणि थांबला’ इतकंच. ‘त्याला आरोपी ओळखू आला’ असं म्हणू नका. साक्षीच्या दिवसाचा भत्ताही आदेशात धरा.

माझा घरचा कुत्रा फार हुशार आहे. तो चालेल का?

घरचा म्हणून नाही. पथकाला पिल्लू निवडताना आईबाप, हाडं, डोळे, आवाजाला न घाबरणं, आणि खेळण्याचं वेड बघावं लागतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि हल्ली बेल्जियन मॅलिनॉय, या जाती चालतात. नव्या होमगार्ड जोडीला मी लॅब्राडोरच देईन. मॅलिनॉयला दिवसभर काम लागतं. ते मिळालं नाही तर तो श्वानगृहच फाडून ठेवतो.

चावा, अपघात, आजारपण?

हस्तकांनी रेबीजची लस आधीच घ्यावी. जखम किरकोळ असली तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. हस्तकाचा विमा आणि कुत्र्याचा औषधखर्च, दोन्ही पथक सुरू होण्याआधी मंजूर हवेत.

कुत्रा निवृत्त झाल्यावर कुणाकडे जातो?

त्याला सांभाळलेल्या हस्तकाचा पहिला हक्क असावा, मग दुसऱ्या हस्तकाचा. होमगार्डच्या बाबतीत हे लिहून ठेवणं जास्त गरजेचं आहे, कारण तोपर्यंत त्याची स्वतःची नेमणूकही संपलेली असू शकते, आणि ‘तू आता आमचा नाहीस’ म्हणून त्याला फाटकातून परत पाठवलं जाऊ शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरतात, दात पडतात, रात्री उठवावं लागतं. त्या दोन-तीन वर्षांचा औषधपाण्याचा खर्च सरकार देणार की हस्तक, हेही त्याच पहिल्या आदेशात, पिल्लाच्या नावासमोर लिहा.